फाल्गुनातला समुद्र : शांत दिसतो, म्हणून शांत असतो का?

माघ सरत आला की नाशिककरांना एकाच दिवसात दोन ऋतू अनुभवायला मिळतात. इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर पहाटे फिरायला येणाऱ्यांच्या अंगात अजून स्वेटर असतो आणि दुपारी बोगद्यापाशी वाहतुकीत खोळंबलेला दुचाकीस्वार तोंडाला रुमाल बांधून उन्हाला दूषणे देत असतो. पहाटे बारा-तेरा अंशांवर असलेला पारा दुपारी तीस-बत्तीसपर्यंत चढतो. पुढे फाल्गुनात दुपार आणखी तापते, पहाट मात्र बरेच दिवस गारच राहते. आपण या फरकाकडे केवळ प्रकृतीच्या दृष्टीने पाहतो. सर्दी-पडसे, घशाची खवखव, एवढ्यावर विषय संपतो. परंतु जमिनीचे हे झपाट्याने तापणे आणि झपाट्याने निवणे हेच इथून सरळ रेषेत सुमारे ११० किलोमीटरवर असलेल्या डहाणूच्या किनाऱ्यावर समुद्राचा दिनक्रम ठरवीत असते.

याच सुमारास शहरातल्या घराघरांत सहलींचे बेत शिजू लागतात. परीक्षा आटोपलेल्या मुलांना समुद्र हवा असतो. कोणी त्र्यंबकेश्वर, मोखाडा, जव्हारमार्गे डहाणू-बोर्डी गाठतो, कोणी अलिबाग-मुरूडकडे वळतो, तर कोणी चार दिवसांची सवड काढून गणपतीपुळे किंवा तारकर्लीला जातो. पावसाळा कधीच संपलेला, वादळांचा हंगाम अजून दूर, हवा प्रसन्न. समुद्रावर जाण्यास याहून चांगला काळ नाही, असे सर्वजण सांगतात आणि ते बव्हंशी खरेही आहे. अरबी समुद्रात फेब्रुवारी-मार्चमध्ये चक्रीवादळ निर्माण होणे ही अत्यंत दुर्मीळ घटना. कोकणाला तडाखा देणारे ‘निसर्ग’ ३ जून २०२० रोजी आले आणि ‘तौक्ते’ मे २०२१ मध्ये किनाऱ्याजवळून गेले. वसंताच्या आरंभी त्यांची धास्ती नसते.

तरीही याच निर्धास्त काळातील एक तारीख विसरता येत नाही. १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याहून सहलीला आलेल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपैकी १४ जण मुरूडच्या समुद्रात बुडाले. त्या दिवशी वादळ नव्हते, पाऊस नव्हता. तिथी माघाआधीच्या वद्य पक्षातील अष्टमीची होती, म्हणजे उधाणाचीही वेळ नव्हती. वेळ होती ती दुपारची. डोळ्यांना शांत दिसणारा समुद्र कशाकशाने बदलतो, हे समजून घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.

आपल्याला हे समजून घ्यावे लागते, कारण ते आपल्या अंगवळणी पडलेले नाही. गोदावरी अरबी समुद्रापासून जेमतेम ऐंशी किलोमीटरवर उगम पावते आणि त्याच्याकडे पाठ फिरवून पूर्वेला बंगालच्या उपसागराकडे निघून जाते. नाशिककरांचे पाण्याचे ज्ञानही तिच्याचबरोबर वाहत आलेले आहे. पूर किती चढला, हे आपण दुतोंड्या मारुतीकडे पाहून ओळखतो. पाणी त्याच्या कमरेला लागले की छातीला, यावरून गावाला अंदाज येतो. समुद्राच्या काठी असा मारुती उभा नाही. तेथील अंदाज तीन वेगवेगळ्या गोष्टींवरून बांधावा लागतो : दिवसाची वेळ, चंद्राची तिथी आणि दूरवरून आलेली लाट.

दिवसाचे घड्याळ : खारे आणि मतलई वारे

शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे आपण सर्वांनी पाठ केलेले असतात. जमीन लवकर तापते, पाणी उशिरा तापते. दुपारी जमिनीवरची हवा तापून वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची गार हवा किनाऱ्याकडे धावते. तो खारा वारा. रात्री जमीन लवकर निवते, तेव्हा वारा उलटा, जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. तो मतलई. हे चक्र वर्षभर थोडेफार चालते. पण वसंताच्या आरंभी ते सर्वांत स्पष्ट दिसते. आकाश निरभ्र असल्यामुळे जमीन कडक तापते, तर समुद्राचे पाणी हिवाळ्याच्या गारव्यातून अजून पुरते बाहेर आलेले नसते. पावसाळी वारे सुरू झालेले नसल्याने या स्थानिक वाऱ्यांना मोडता घालणारेही कोणी नसते.

याचा परिणाम समुद्राच्या पृष्ठभागावर तासागणिक पाहता येतो. सकाळी मतलई वारा विरत आलेला असतो. तो जमिनीकडून येत असल्याने किनाऱ्याजवळ लाटा उठवीत नाही. अशा वेळी डहाणूचा वा अलिबागचा समुद्र तळ्यासारखा भासतो. अकरा-बाराच्या सुमारास वारा पडतो, थोडा वेळ उकाडा होतो आणि मग पश्चिमेकडून किंवा वायव्येकडून झुळूक सुरू होते. तीन-चार वाजेपर्यंत ताशी पंधरा ते पंचवीस किलोमीटर वेगाने खारा वारा वाहू लागतो आणि पाण्यावर आखूड, टोकदार, एकापाठोपाठ एक येणाऱ्या लाटा तयार होतात. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी गोव्याच्या किनाऱ्यालगत घेतलेल्या मोजमापांतही हेच दिसून आले आहे : मॉन्सूनपूर्व महिन्यांत लाटांची उंची सकाळी कमी असते, दुपारी खाऱ्या वाऱ्याबरोबर वाढते आणि रात्री पुन्हा उतरते.

कोळी बांधवांना हे शास्त्र पुस्तकाशिवाय ठाऊक होते. शिडाच्या होड्यांच्या काळात पहाटेच्या मतलई वाऱ्यावर होडी समुद्रात लोटायची आणि दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर घरी परतायचे, असा त्यांचा क्रम असे. सहलीला गेलेल्या कुटुंबाचा क्रम नेमका याच्या उलट असतो. सकाळी नाश्ता, देवदर्शन, किल्ला, दुपारी जेवण, आणि ऊन जरा कलल्यावर, म्हणजे साडेतीन-चारला, समुद्रस्नान. दिवसभरात पाणी सर्वांत अस्वस्थ असण्याची वेळ आपण पोहण्यासाठी निवडतो आणि सकाळी खिडकीतून पाहिलेल्या शांत समुद्राची आठवण मनात ठेवून पाण्यात उतरतो.

कधीकधी हे घड्याळ उशिरा चालते. पूर्वेकडून, म्हणजे आपल्या घाटमाथ्याकडून येणारा कोरडा वारा जोरात असला की तो खाऱ्या वाऱ्याला दुपारपर्यंत थोपवून धरतो. अशा दिवशी कोकणात असह्य उष्मा होतो. मुंबईत सांताक्रूझ येथे २८ मार्च १९५६ रोजी ४१.७ अंश आणि २७ मार्च २०२१ रोजी ४०.९ अंश तापमान नोंदले गेले. समुद्राच्या कुशीतल्या शहरात मार्चमध्ये एवढी उष्णता होते ती प्रायः याच कारणाने. ज्या दिवशी किनाऱ्यावर दुपारचे बारा-एक वाजूनही वारा नाही आणि अंगाची लाही होत आहे, त्या दिवशी खारा वारा आलाच नाही असे नव्हे. तो उशिरा येणार आहे, एवढाच त्याचा अर्थ.

पंधरवड्याचे घड्याळ : उधाण आणि भांग

दुसरे घड्याळ चंद्राचे. आपल्या किनाऱ्यावर साधारणतः चोवीस तास पन्नास मिनिटांत दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात. अमावास्या-पौर्णिमेस सूर्य आणि चंद्र यांची ओढ एका रेषेत येते आणि भरती-ओहोटीतला फरक मोठा होतो. याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास हा फरक लहान असतो. त्याला भांग म्हणतात. मुंबईच्या समुद्रात मोठ्या उधाणाला भरती आणि ओहोटीच्या पातळीत साडेचार-पाच मीटरपर्यंत अंतर पडते, म्हणजे दीड मजल्याएवढे. दक्षिणेकडे जावे तसतसे हे अंतर कमी होते. सिंधुदुर्गात ते उत्तर कोकणाच्या निम्म्याच्याच आसपास राहते. डहाणूला ओहोटीच्या वेळी पाणी दिसेनासे होईल इतके दूर जाते आणि तारकर्लीला तसे होत नाही, याचे एक कारण हे आहे. दुसरे अर्थातच किनाऱ्याचा उतार.

मार्चमध्ये त्यात आणखी एक भर पडते. विषुवदिनाच्या सुमारास, म्हणजे २० मार्चच्या आगेमागे, सूर्य विषुववृत्तावर असतो आणि त्या वेळच्या अमावास्या-पौर्णिमेस चंद्रही त्याच्या फार दूर नसतो. त्यामुळे दिवसातून दोनदा येणाऱ्या भरतीचा जोर या काळात वाढतो आणि दिवसाची व रात्रीची भरती जवळजवळ सारख्या उंचीची होते.

भरतीची वेळ काढण्याचा एक जुना हिशेब कोकणात आजही चालतो. तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी. जो आकडा येईल, त्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. दिवस आणि रात्र दोन्हींना हाच आकडा लागू. त्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. हा हिशेब स्थूल आहे. गावागणिक आणि दिवसागणिक अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. अचूक वेळेसाठी भरतीचे छापील कोष्टकच पाहिले पाहिजे. परंतु घरच्या कालनिर्णयावरून सहलीचा दिवस ठरवताना तो पुरेसा उपयोगी पडतो.

उदाहरण म्हणून धुळवडीचा दिवस घेऊ. होळी फाल्गुनी पौर्णिमेला आणि धुळवड दुसऱ्या दिवशी, वद्य प्रतिपदेला. एकाची पाऊणपट, म्हणजे पाऊण. दुपारी पाऊण वाजता पूर्ण भरती आणि सायंकाळी सातच्या सुमारास पूर्ण ओहोटी. आता ओहोटीचे पाणी सहा तास सारख्या वेगाने उतरत नाही. पहिल्या तासात ते फार थोडे हलते, दुसऱ्यात वेग घेते, तिसऱ्या आणि चौथ्या तासांत मिळून जवळजवळ निम्मे पाणी बाहेर जाते आणि पुढे वेग मंदावतो. धुळवडीला हे दोन तास येतात ते दुपारी पावणेतीन ते पावणेपाच. खाऱ्या वाऱ्याचा जोरही त्याच वेळी सर्वाधिक. वर्षातील मोठ्या उधाणांपैकी एकाची ओहोटी, वारा किनाऱ्याकडे, पाणी समुद्राकडे आणि रंग धुवायला पाण्यात उतरलेली गर्दी, असा योग त्या दिवशी जुळून येतो. खाडीच्या मुखाशी तर वारा आणि प्रवाह समोरासमोर आल्याने लाटा उभ्या आणि आखूड होतात. लहान होड्यांना त्या विशेष त्रासदायक ठरतात.

भरतीही काही कमी फसवी नसते. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येते. परतण्याची वेळ चुकली की मधला पट्टा पाण्याखाली जातो. हरिहरेश्वरची प्रदक्षिणेची वाट समुद्राकाठच्या खडकांवरून आहे आणि भरतीला ती बंद होते. अशा ठिकाणी घड्याळाकडे दुर्लक्ष झाले, तर पोहता येणे न येणे हा प्रश्नच राहत नाही.

ज्याला घड्याळ नाही ती लाट

वारा आणि चंद्र यांचा अंदाज बांधता येतो. तिसरी गोष्ट मात्र अशी, की तिचे कारण आपल्या किनाऱ्यावर शोधून सापडत नाही. समुद्रात कुठेतरी दूर जोराचा वारा सुटतो, तेथे लाटा उठतात आणि वारा थांबल्यावरही त्या लाटा हजारो किलोमीटर प्रवास करीत राहतात. भर समुद्रात त्या बुटक्या आणि लांबलचक असतात. होडीतल्या माणसाला त्यांची जाणीवही होत नाही. उथळ पाण्यात आल्यावर मात्र त्यांचा वेग घटतो, त्या एकमेकींच्या जवळ येतात आणि उंच उठतात.

हिवाळ्यापासून मार्चपर्यंत अशा लाटा आपल्याकडे येतात त्या वायव्येकडून. अरबस्तानच्या बाजूला ‘शमाल’ नावाचे जोराचे वारे वाहतात आणि त्यांनी उठवलेल्या लाटा अरबी समुद्र ओलांडून रत्नागिरी-गोव्याच्या किनाऱ्यापर्यंत पोहोचतात. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या अभ्यासकांनी त्यांचा माग काढलेला आहे. वायव्येकडचा वारा काय करू शकतो, याची एक झलक मुंबईकरांनी २३ जानेवारी २०२२ रोजी पाहिली. पाकिस्तानच्या बाजूने आलेल्या धुळीने त्या दिवशी शहराचे आकाश धुरकट झाले होते.

मार्चअखेरीपासून दुसरी दिशा महत्त्वाची ठरू लागते, ती दक्षिण. अंटार्क्टिकाभोवतीच्या महासागरात उठणाऱ्या वादळांच्या लाटा ताशी सुमारे पन्नास किलोमीटर वेगाने उत्तरेकडे सरकतात आणि आठवडाभराने भारताच्या किनाऱ्याला लागतात. केरळात त्यांना ‘कल्लक्कडल’ म्हणतात. म्हणजे चोरासारखा येणारा समुद्र. आकाश स्वच्छ, वारा बेताचा आणि पाणी मात्र अचानक घरात, असा तो प्रकार असतो. ‘युनेस्को’ने २०१२ मध्ये हा शब्द शास्त्रीय वापरासाठी स्वीकारला. ३१ मार्च २०२४ रोजी केरळच्या किनाऱ्यावर अशाच लाटांनी हाहाकार उडवला. त्यांचा उगम किनाऱ्यापासून सुमारे दहा हजार किलोमीटरवरील वादळी हवामानात होता. महाराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत येईतो या लाटांचा जोर केरळइतका उरत नाही, हे खरे. पण पाण्यात गुडघाभर उभ्या असलेल्या माणसाला पाडायला त्याच्या कितीतरी कमी जोर पुरतो. दहा-पंधरा मिनिटे किरकोळ लाटा आल्या आणि मग एकाएकी तीन-चार मोठ्या आल्या, असा अनुभव ज्यांनी घेतला आहे, त्यांनी बहुधा या दूरच्या पाहुण्यांचीच भेट घेतलेली असते.

पाण्याची ओढ कुठे असते?

लाट माणसाला बुडवते, हा आपला समज अर्धाच खरा आहे. किनाऱ्यावर फुटणारी प्रत्येक लाट पाणी आणून टाकते आणि ते पाणी परत जायला वाट शोधते. किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर वाळूचे उंचवटे असतात. त्यांच्यामध्ये जिथे खळगा असेल, तिथून हे सारे पाणी अरुंद प्रवाहाने समुद्राकडे निघते. स्थानिक माणसे ‘पाण्याला ओढ आहे’ असे सांगतात, ती ही ओढ. तिचा वेग क्वचित सेकंदाला दोन मीटरपर्यंत जातो. एवढ्या वेगाने जगातला उत्तम जलतरणपटूही फार वेळ पोहू शकत नाही. ओहोटीला उंचवट्यांवरचे पाणी उथळ झाले की परतीचे पाणी या वाटांतच अधिक कोंडले जाते आणि ओढ सहसा वाढते.

सर्वांत घातक बाब अशी, की ही वाट आजूबाजूच्या पाण्यापेक्षा शांत दिसते. दोन्ही बाजूंना लाटा फुटून पांढरा फेस उठत असतो आणि मधल्या पट्ट्यात खोली असल्यामुळे लाट फुटत नाही. लहान मुलांना घेऊन उतरणारे आईवडील स्वाभाविकपणे ‘इथे लाटा नाहीत’ म्हणून तोच पट्टा निवडतात. नदीवर पोहायला शिकलेल्या माणसाचा अनुभव येथे त्याच्या विरुद्ध जातो. नदीचा शांत डोह ओळखून त्यात उतरावे, हे आपण शिकलेलो असतो. समुद्रावर फेसाळ पट्ट्यांमधली गडद, नितळ वाट टाळायची असते.

त्या ओढीत सापडल्यास किनाऱ्याच्या दिशेने हातपाय मारण्यात शक्ती दवडू नये. ओढ माणसाला दूर नेते, खाली खेचत नाही. पाण्यावर तरंगत राहावे, हात वर करून मदत मागावी आणि जमेल तसे किनाऱ्याला समांतर पोहत त्या अरुंद पट्ट्याबाहेर यावे. मग लाटाच किनाऱ्याकडे आणतात. काठावरच्यांनी मागोमाग उड्या घेऊ नयेत. एकाला वाचवताना अनेक जण बुडतात, ते याच घाईमुळे. तरंगणारी कोणतीही वस्तू, रिकामा कॅन, चेंडू, ट्यूब, फेकावी; जीवरक्षकाला बोलवावे आणि ११२ किंवा तटरक्षक दलाच्या १५५४ या क्रमांकावर कळवावे.

इशारा कसा वाचावा?

हैदराबादचे भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र, म्हणजे ‘इन्कॉइस’, लाटांचा अंदाज रोज प्रसिद्ध करते आणि हवामान खाते वाऱ्याचा. दोन्ही इंटरनेटवर सर्वांना पाहता येतात. मात्र त्यांतील शब्दांचा अर्थ ठाऊक हवा. लाटांची उंची ‘एक मीटर’ असे म्हटले असेल, तर ती सर्वांत मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी असते. एखादी सुटी लाट तिच्या दुपटीच्या जवळपासही येऊ शकते. अर्धा ते सव्वा मीटर लाटांच्या समुद्राला या परिभाषेत किंचित खवळलेला आणि सव्वा ते अडीच मीटरच्या समुद्राला मध्यम खवळलेला म्हणतात. वसंताच्या आरंभी आपला किनारा बहुतेक दिवस पहिल्या वर्गात मोडतो. लाटेची उंची तेवढीच असून दोन लाटांमधला काळ बारा-पंधरा सेकंदांहून अधिक असेल, तर ती दूरवरून आलेली लाट समजावी आणि तिला अधिक मान द्यावा.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. मच्छीमारांसाठीचा इशारा हा नौकांसाठी असतो. वीस फुटी होडी आणि तिच्यातला मुरलेला नाखवा ज्या समुद्रात निश्चिंत असतो, त्याच समुद्रात कमरेभर पाण्यातला दहा वर्षांचा मुलगा सुरक्षित असेलच असे नाही. त्यामुळे ‘आज इशारा नाही’ या वाक्याचा अर्थ ‘आज कुठेही, केव्हाही उतरावे’ असा होत नाही. मुरूडच्या त्या दुपारी उधाण नव्हते, वादळही नव्हते, हे पुन्हा आठवावे.

यातून नाशिकच्या प्रवाशाने आपल्यापुरते काही नियम सहज काढून घ्यावेत. समुद्रस्नान सकाळी उरकावे आणि दुपार किल्ल्याला, देवळाला किंवा माडाच्या सावलीला द्यावी. निघण्यापूर्वी तिथी पाहून भरती-ओहोटीच्या वेळा लिहून घ्याव्यात. पाण्यात उतरण्याआधी दहा-पंधरा मिनिटे काठावर उभे राहून लाटा कुठे फुटतात आणि कुठे फुटत नाहीत, हे न्याहाळावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, किनाऱ्यावरच्या एखाद्या कोळीदादांना किंवा नारळपाणीवाल्या मावशींना ‘आज पाणी कसे आहे?’ असे विचारावे. त्यांनी ‘आज नको’ म्हटले, तर कारण विचारत बसू नये.

गोदाकाठी पूर आला की आपण दुतोंड्या मारुतीकडे पाहतो आणि पाणी कितीही ओळखीचे असले तरी दोन पायऱ्या मागे सरतो. फाल्गुनातल्या समुद्रावरही तेवढीच सावधगिरी पुरे. तिने सहलीचा आनंद उणा होत नाही. सकाळच्या शांत पाण्यात मुले मनसोक्त खेळतात आणि संध्याकाळी ओल्या वाळूवर बसून सूर्यास्त पाहायला सगळे कुटुंब एकत्र असते.